सौराठची सभा आणि आपले वधू-वर मेळावे

वधू-वर मेळावा ही अगदी अलीकडची कल्पना आहे, असा आपल्यातील पुष्कळांचा समज असतो. परंतु बिहारमध्ये मधुबनी शहराजवळ सौराठ नावाचे गाव आहे. तेथे मैथिल ब्राह्मणांची विवाहसभा पिढ्यान्‌पिढ्या भरत आली आहे. मेळाव्यास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिचा इतिहास जाणून घ्यावा, इतका तो बोधप्रद आहे.

ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास, पंचांग पाहून सभेचे दिवस ठरतात. ‘सभागाछी’ या आमराईत वरपक्षाची मंडळी झाडांखाली बैठक घालून बसतात आणि मुलींचे वडील, काका, मामा स्थळे पाहत हिंडतात. बोलणी जुळविण्याचे काम घटक म्हणजे मध्यस्थ करतो. तथापि सभेचा खरा आधारस्तंभ म्हणजे पंजीकार होय. त्याच्यापाशी घराण्यांच्या वंशावळींच्या पोथ्या असतात. पित्याकडील सात आणि मातेकडील पाच पिढ्या तपासून, निषिद्ध नाते नाही अशी खात्री झाली म्हणजे तो ‘सिद्धांत’ लिहून देतो. पूर्वी हा सिद्धांत ताडपत्रावर लिहीत.

ही व्यवस्था कर्णाट वंशातील राजा हरिसिंहदेव याने चौदाव्या शतकाच्या आरंभी लावून दिली, असे परंपरा सांगते. १३२४ च्या सुमारास गियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीमुळे या राजास नेपाळकडे जावे लागले. राज्य गेले, पण पंजी टिकली.

पंजीच्या उगमाविषयी एक आख्यायिका आहे. हरिनाथ उपाध्याय या पंडिताच्या पत्नीवर लोकापवाद आला. निषिद्ध पुरुषाशी आपला संबंध आला नाही, अशी शपथ घेऊन तिने अग्निदिव्य केले, तो तिचा हात पोळला. ‘पतीवाचून अन्य’ असे शब्द घालून तिने पुन्हा शपथ घेतली, तेव्हा तिला इजा झाली नाही. विद्वानांनी शोध केला, तेव्हा पतीच तिच्या निषिद्ध नात्यातील निघाला! कथा खरी असो वा नसो, तिचे मर्म खरे आहे. चौकशीत कसूर केली वडीलधाऱ्यांनी आणि हात पोळला मुलीचा.

पुढे या व्यवस्थेसही कीड लागली. उच्च मानलेल्या कुळांतील काही पुरुष पैसे घेऊन अनेक विवाह करीत आणि त्यांच्या कित्येक पत्नी माहेरीच आयुष्य कंठीत. कुळाची किंमत ओसरली, तो पदवीची व नोकरीची किंमत आली. बिहारात १९५० साली आणि सर्व देशात १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदे झाले, तरी हुंडा हटला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सभेची गर्दी ओसरत गेली. सभा आजही भरते, पण पूर्वीचे वैभव उरले नाही. शिक्षण, स्थलांतर ही कारणे आहेतच, परंतु जेथे चौकशीपेक्षा मोलभाव मोठा झाला, तेथून सज्जनांचे पाय मागे वळले, हेही तितकेच खरे.

आपल्या मेळाव्यास जाताना हा धडा पदरी बांधावा. परिचयपत्रकावरील शिक्षण व पगाराचे आकडे म्हणजे सिद्धांत नव्हे. सोबत वही न्यावी आणि मनास आलेली दोन-चार स्थळे टिपून घ्यावी. नंतर गावी व कामाच्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांकडून प्रकृती, व्यसन, कर्ज यांची शांतपणे चौकशी करावी. आपल्याकडील उणीवही आपण होऊन सांगावी. त्याच मांडवात होकार देण्याची घाई नको. देण्याघेण्याचा विषय निघताच नम्रपणे उठावे.

सौराठच्या आमराईत सारे होते, परंतु जिचा विवाह ठरावयाचा ती मुलगी मात्र नव्हती. आपल्या मेळाव्यात ती व्यासपीठावर उभी राहून स्वतःचा परिचय स्वतः देते, ही केवढी प्रगती! बंधुभगिनींनो, तिला बोलू द्यावे, प्रश्न विचारू द्यावे आणि तिने ‘नाही’ म्हटले तर तोच अखेरचा सिद्धांत मानावा.