‘आजी, गुडघ्याची झीज झाली आहे’ : एका वाक्याचा इतिहास

नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटे थोडा वेळ बसले की एक गोष्ट ध्यानात येते. कृष्णेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर वयस्क स्त्रिया सरळ उतरत नाहीत. अंग आडवे करून, सोबतिणीचा खांदा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या खाली जातात. यांतल्या अनेकींनी कधी ना कधी दवाखान्यात ऐकलेले असते : “आजी, गुडघ्याची झीज झालीय. वंगण संपलंय. आता पायऱ्या बंद.” आजच्या धाग्यात या वाक्याची कुळकथा पाहू.

दुखणे जुनेच आहे. चरकसंहितेतील वातव्याधींच्या अध्यायात ‘संधिगत वात’ येतो. हाताला हवा भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज आणि सांधा आखडताना-पसरताना होणारी वेदना, ही त्याची लक्षणे. सूज वैद्याच्या हाताला कळते, वेदना मात्र रुग्णानेच सांगायची असते. वाग्भटाने रुग्णपरीक्षेची साधने तीन मानली : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. म्हणजे विचारणे हा शिष्टाचार नव्हता, ती तपासणीच होती.

युरोपात या रोगाला नाव मिळताना बराच गोंधळ झाला. हेबर्डेन या इंग्रज वैद्याने बोटांच्या सांध्यांवरील गाठी गाऊटपेक्षा वेगळ्या असल्याचे नोंदवले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८०२ साली प्रसिद्ध झाले. ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हा शब्द १८८९ मध्ये स्पेंडरने रूढ केला खरा, पण ज्या रोगासाठी वापरला त्याला आज आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो. १९०७ मध्ये गॅरॉडने दोहोंची फारकत केली.

मराठीत ती फारकत अजून पुरती झालेली नाही. ‘संधिवात’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. डॉक्टर सहज ‘संधिवात आहे’ म्हणतात आणि रुग्णाच्या डोळ्यांपुढे शेजारणीची वाकडी झालेली बोटे उभी राहतात.

वाडीपासून जवळच, मिरजेत, डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत रंटगेनला क्ष-किरण सापडले. हाड दिसू लागले. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी क्ष-किरण चित्रांवरून या विकाराच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. संशोधनासाठी ती मोठीच सोय होती. दवाखान्यात मात्र प्रश्नाची जागा फिल्मने घेतली. ‘चौथी ग्रेड आहे’ हे रुग्णाला निकालपत्रासारखे ऐकू येऊ लागले. वस्तुतः चित्र आणि वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. चित्र वाईट असूनही कित्येकांचे गुडघे फारसे दुखत नाहीत, आणि उलटही घडते. कूर्चेला स्वतःच्या संवेदना-नसा नसतात. दुखते ते भोवतालचे हाड, सांध्याचे अस्तर, स्नायू.

आणि ‘झीज’? माझ्या मते खरा घोळ या शब्दाचा आहे. सहाण झिजते, जाते झिजते, चप्पल झिजते. झिजणारी वस्तू टिकवायची तर ती कमी वापरायची, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणून आजी चालणे सोडतात. पण सांधा जिवंत आहे. दाब पडणे आणि सुटणे यांतूनच कूर्चेला पोषण मिळते. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका सरसकट क्ष-किरण तपासणी नको म्हणते आणि व्यायामाला उपचारांत अग्रस्थान देते. सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते, हेही रुग्णाला आधीच सांगावे, असे ती बजावते. हे न सांगितल्यामुळे किती व्यायाम चौथ्या दिवशी सुटत असतील!

महाराष्ट्रात प्रश्न परत आला तो पुणे जिल्ह्यातील भिगवणला. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू झाली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना स्नायू-सांध्यांची दुखणी होती. सुमारे ६ टक्क्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, तर ऱ्हुमॅटॉइड जेमतेम अर्धा टक्का. एकाच ‘संधिवात’ शब्दाखाली केवढी तफावत दडली होती ती पाहा.

गुडघेदुखी मोजण्यासाठी कॅनडात तयार झालेली ‘वोमॅक’ ही २४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते. तीत मोजे घालणे आणि बाथटबमध्ये उतरणे येते. जमिनीवर बसून भाकरी थापणाऱ्या बाईला हे विचारून काय कळणार? चोप्रा यांच्या पुण्यातील केंद्राने तीत फेरफार करून मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांना जागा दिली.

वाडीच्या आजींसाठी त्यात आणखी एक प्रश्न घालता येईल : घाटाच्या किती पायऱ्या उतरायच्या आहेत? उत्तर मिळाले की पुढचे बोलणे सोपे होते. हातात काठी घ्या, उतरताना दुखरा पाय आधी टाका, चढताना धडका पाय आधी.