सावदा ते मालेगाव : खानदेशातील अतिमानवाच्या गोष्टी

रावेर तालुक्यातील सावदा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या केळीच्या पट्ट्यात वसलेले असून भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. सावदा आणि रावेर या दोन्ही स्थानकांवरून केळीने भरलेल्या वाघिणी दिल्लीकडे रवाना होत आल्यामुळे ही नावे उत्तरेकडील फळबाजारांत परिचित झाली. अशा गावातील चित्रपट, विज्ञानकथा आणि दूरचित्रवाणी यांचा इतिहास मांडू पाहणाऱ्या अभ्यासकाला चित्रपटगृहांच्या नोंदी फारशा उपयोगी पडत नाहीत. याचे कारण असे की, विसाव्या शतकाचा बराच काळ येथे प्रत्यक्ष चित्रपट दुर्मीळ होता आणि त्याविषयीचे बोलणे मात्र विपुल होते. भुसावळला किंवा जळगावला जाऊन चित्रपट पाहून आलेला एक मित्र तो न पाहिलेल्या दुसऱ्या मित्राला प्रसंगामागून प्रसंग सांगतो, मारामारीचे आवाज तोंडाने काढतो आणि विसरलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो, ही रीत खानदेशातील चित्रपटसंस्कृतीचा गाभा मानावी लागते. अतिमानव, म्हणजे उडणे, अदृश्य होणे, अचाट बळ असणे अशा शक्ती लाभलेला आणि त्या दुर्बळांच्या रक्षणासाठी वापरणारा नायक, ज्याला आज सर्रास 'सुपरहिरो' म्हटले जाते, तो या प्रदेशात बहुतांशी याच वाटेने आला.

या वाटेची पूर्वपीठिका जुनी आहे. कीर्तनकाराच्या तोंडून मारुतीचे समुद्रोल्लंघन ऐकलेल्या आणि वहीगायनासारख्या खानदेशी लोकप्रकारात पौराणिक आख्याने समूहाने गायलेली अनुभवलेल्या श्रोत्याला आकाशातून जाणारा नायक अपरिचित नव्हता. नवे होते ते त्याला डोळ्यांनी उडताना पाहणे, आणि ते घडवून आणणारा पहिला मोठा कारागीर खानदेशाच्या शेजारीच काम करीत होता. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केल्यानंतर आपला व्यवसाय नाशिकला हलवला आणि तेथून 1917 मध्ये 'लंकादहन', 1918 मध्ये 'श्रीकृष्णजन्म' व 1919 मध्ये 'कालियामर्दन' हे मूकपट दिले. या चित्रपटांतील चमत्कार कॅमेऱ्यातच घडवले जात. फितीचा काही भाग झाकून एक दृश्य टिपायचे, मग तीच फीत मागे गुंडाळून उरलेल्या भागावर दुसरे दृश्य टिपायचे, म्हणजे दोन्ही दृश्ये एकाच चौकटीत दिसतात; या पद्धतीला दुहेरी छायांकन म्हणतात. एकदा चूक झाली की सारी फीत वाया जाई, कारण निकाल रसायनात धुतल्यावरच कळे. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने लहान वयात साकारलेला कृष्ण कालियाशी झुंजतो, तो प्रसंग आजही पाहता येतो, आणि त्यातील कौशल्य पाहता भारतीय अतिमानवपटाची सुरुवात अमेरिकी नमुन्यांपासून धरण्याचा प्रघात अपुरा ठरतो. सुपरमॅन हे पात्र जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडमधील दोन तरुण मित्रांनी निर्मिले आणि ते 1938 मध्ये छापून आले. त्याच्या एकवीस वर्षे आधी नाशिकच्या कारखान्यात घडलेला मारुती पडद्यावरून लंकेला पोहोचला होता.

पडद्याच्या बरोबरीने कागदाचाही वाटा होता. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप 'केरळ कोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या प्रारंभी आले, आणि श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 1915 च्या सुमाराची 'तारेचे हास्य' ही पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून सामान्यतः मानली जाते. विज्ञानकथा म्हणजे ज्ञात विज्ञानाच्या आधारे 'असे झाले तर काय होईल' याचा तर्कशुद्ध विस्तार करणारी कथा. हा प्रकार मराठीत रुजवण्याचे श्रेय मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांना आणि विशेषतः जयंत नारळीकर यांना जाते, ज्यांनी 1974 मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने स्पर्धेला पाठवली व पहिले पारितोषिक मिळवले. मात्र छोट्या गावांतील वाचनालयांतून अधिक झिजलेली पुस्तके बाबुराव अर्नाळकरांची होती, ज्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक कायद्याच्या कडेने चालून अन्यायाचा बंदोबस्त करीत. 1964 पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्सनी या वाचकाला वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांची चित्रमय सोबत दिली. मोठ्या रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या गाळ्यांवर अशी मासिके व चित्रकथा विक्रीला असत, त्यामुळे भुसावळसारख्या जंक्शनच्या आसपासच्या गावांना त्या तुलनेने सहज मिळत, आणि एक अंक दहा हातांतून फिरल्याशिवाय रद्दीत जात नसे.

प्रत्यक्ष चित्रपट गावात येई तो जत्रेबरोबर. फिरता सिनेमा, ज्याला तंबू सिनेमा किंवा टूरिंग टॉकीज म्हणत, तो ट्रकवर लादलेले प्रक्षेपणयंत्र, जनरेटर, पडदा आणि कनाती घेऊन यात्रेच्या मैदानात उतरत असे. 1953 च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्याखाली त्याला तात्पुरता परवाना घ्यावा लागे. या तंबूत मुख्यतः पौराणिक, स्टंटपट आणि जुने हिंदी व मराठी चित्रपट दाखवले जात, आणि फिती झिजलेल्या असल्याने मध्येच कथा तुटे. तुटलेला भाग प्रेक्षकच एकमेकांना सांगून जोडत, म्हणजे वर वर्णिलेली कथनाची रीत तंबूच्या आतही चालूच असे. होमी वाडियांच्या स्टंटपटांतील नायिका नाडियाचा चाबूक आणि दारासिंगचे मल्लयुद्ध यांचे ग्रामीण आकर्षण दीर्घकाळ टिकले, त्यामागे या फिरत्या तंबूंचा वाटा मोठा होता, हे महाराष्ट्राच्या चित्रपट इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

दूरचित्रवाणीने हे चित्र पालटले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले असले तरी त्याचे प्रक्षेपण सातपुड्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढील काही वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपक, म्हणजे मर्यादित परिसराला संकेत पुरवणारे छोटे मनोरे, उभारले गेले, तेव्हा जिल्ह्यांच्या गावांना आणि त्यांच्या परिघातील खेड्यांना चित्र दिसू लागले. परिघाच्या कडेवरील घरांना उंच बांबूवर अँटेना बांधावा लागे आणि एक जण गच्चीवर तो फिरवीत असताना दुसरा खालून 'आलं, आलं' असे ओरडत असे. ज्या मोजक्या घरांत संच होता तेथे गल्ली जमे. 1987-88 मधील 'रामायण' आणि त्यापाठोपाठ 'महाभारत' यांनी ही सामूहिक पाहणी पक्की केली, आणि त्याच दशकात 'स्टार ट्रेक'सारखी परदेशी व 'स्पेस सिटी सिग्मा'सारखी देशी विज्ञानमालिका दिसू लागल्याने अंतराळयान हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर पडला.

'शक्तिमान' ही मालिका 13 सप्टेंबर 1997 रोजी सुरू होऊन 2005 पर्यंत चालली. 'महाभारता'त भीष्म साकारणारे मुकेश खन्ना तिचे नायक होते, आणि त्या नायकाची शक्ती कुंडलिनी व पंचमहाभूते यांच्या साधनेतून आलेली दाखवली होती. परग्रहावरून आलेल्या सुपरमॅनपेक्षा ही उपपत्ती ग्रामीण श्रोत्याला जवळची वाटली यात नवल नाही, कारण ती कीर्तनातील योगसिद्धीच्या गोष्टींशी जुळत होती. मुले गरगर फिरून त्याचे अनुकरण करू लागल्यावर भागाच्या शेवटी नायकानेच तसे न करण्याचा उपदेश द्यावा लागला, एवढी ती मालिका घराघरांत शिरली होती. विज्ञानकथेच्या कठोर निकषांवर ती उतरत नाही हे खरे, तरी अतिमानवाविषयी दोन शाळकरी मित्रांनी परस्परांशी वाद घालण्याची सवय खानदेशात सार्वत्रिक झाली ती तिच्यामुळे, आणि तेवढ्यासाठी तिची गणना गंभीरपणे व्हायला हवी.

दूरचित्रवाणी सरकारच्या वेळापत्रकाने बांधलेली होती, व्हिडिओ नव्हता. 1980 च्या दशकात व्हीसीआर, म्हणजे चुंबकीय फितीवर चित्र व ध्वनी मुद्रित करणारे व पुन्हा दाखवणारे यंत्र, एका रात्रीच्या भाड्याने मिळू लागले आणि गणपतीत किंवा लग्नघरी पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट लावले जाऊ लागले. गावोगावी व्हिडिओगृहेही निघाली, जेथे एका खोलीत बाकांवर बसून दूरचित्रवाणी संचावर चित्रपट पाहता येई. तेथे ब्रूस ली व चॅप्लिन यांचे चित्रपट लागत आणि ख्रिस्तोफर रीव्हचा 1978 चा 'सुपरमॅन' मूळ इंग्रजीत चाले, आणि संवाद कळत नसल्याने ज्याने तो आधी पाहिला असेल तो शेजाऱ्याला अर्थ सांगे. 1994 मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन आला तेव्हा या तोंडी दुभाष्याची गरज प्रथमच कमी झाली.

या तोंडी परंपरेने हाती कॅमेरा घेतला तो मालेगावात. आज नाशिक जिल्ह्यात असलेले हे शहर 1869 मध्ये तो जिल्हा स्थापन होईपर्यंत खानदेशातच मोडत होते, आणि बोलीने व व्यापाराने ते आजही त्या बाजूला झुकलेले आहे. 1857 नंतर उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी तेथे वस्ती केली. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने त्या दिवशी मालेगावची चित्रपटगृहे कामगारांनी ओसंडून वाहत. नासिर शेख हे तेथे व्हिडिओगृह चालवीत असताना दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका फितीवरील प्रसंग दुसरीवर उतरवीत संकलन शिकले, आणि 2000 मध्ये त्यांनी मित्रांच्या साहाय्याने 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट सुमारे 50,000 रुपयांत बनवला. त्यात दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात आणि आगगाडीवरील हल्ला एस. टी. बसवर होतो. जो चित्रपट मित्रांनी वर्षानुवर्षे एकमेकांना सांगितला, त्याच सांगण्याच्या पद्धतीने, हाताशी असलेल्या वस्तूंनी भर घालत, तो पुन्हा रचला गेला.

त्यानंतरचा 'मालेगाव का सुपरमॅन' अधिक महत्त्वाकांक्षी होता, कारण नायकाला उडवणे भाग होते. त्यासाठी क्रोमा पद्धत वापरली गेली. तीत पात्राचे चित्रण एकरंगी, बहुधा हिरव्या, पडद्यासमोर करतात आणि संगणकावर तो रंग पुसून त्या जागी आकाश, इमारती किंवा हवे ते दृश्य बसवतात. मालेगावात हिरवे कापड ट्रकवर ताणले गेले आणि यंत्रमागावर काम करणारा सडपातळ शफीक शेख आडवा धरून उडवला गेला. चित्रीकरणाच्या मध्येच नायकाचे लग्न ठरल्याने काम थांबले आणि कॅमेरा पाण्यात पडल्यानेही खोळंबा झाला, तरी चित्रपट पुरा झाला. फाळक्यांच्या नाशिकपासून हे ठिकाण शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि दोन दृश्ये एका चौकटीत आणण्याची मूळ अडचण दोन्हीकडे एकच होती. फाळक्यांना ती फीत मागे गुंडाळून सोडवावी लागली, मालेगावकरांना संगणक मिळाला.

या चित्रपटातील कल्पकता तंत्रापेक्षा कथेत अधिक आहे. मालेगावच्या सुपरमॅनला धुळीने दमा होतो आणि त्याची झुंज घाण व तंबाखूचे व्यसन पसरवणाऱ्या खलनायकाशी असते. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या प्रेक्षकासाठी हा दमा विनोदापलीकडचा होता, म्हणून तेथे ऐकू येणारे हसे ओळखीचे होते. अमेरिकी सुपरमॅनचे मर्म दूरच्या ग्रहावरील एका खनिजात दडलेले आहे. मालेगावच्या सुपरमॅनचे मर्म त्याच्या गल्लीच्या हवेत आहे, आणि आयात केलेल्या पात्राचे इतके संपूर्ण देशीकरण मोठ्या निर्मितीसंस्थांच्या भारतीय अतिमानवपटांत आढळत नाही. शफीक शेख पुढे मुखकर्करोगाने मरण पावले.

फैझा अहमद खान यांच्या 2008 च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ही मित्रमंडळी जगापुढे आणली. भारतातील चित्रपटगृहांत तो 2012 मध्ये लागला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा त्याच व्यक्तींवर आधारलेला कथापट 28 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाला. दरम्यान मालेगाव, धुळे आणि जळगाव परिसरातील खानदेशी विनोदी चित्रफिती आधी तबकड्यांवर आणि मग भ्रमणध्वनीवर पोहोचल्या, व्हिडिओगृहे बंद पडली आणि सावद्यातील मुलगाही अमेरिकी चित्रपट प्रदर्शनानंतर थोड्याच काळात पाहू लागला. त्यामुळे मित्रांच्या गप्पांचे कार्य बदलले आहे. दोघांनीही चित्रपट पाहिलेला असल्याने 'काय घडले' हे सांगण्याची गरज उरलेली नाही, आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने पाहावा, उडण्याचे दृश्य कसे साधले, काळप्रवासातील तर्क कोठे तुटतो, अशा परीक्षणाकडे बोलणे वळले आहे. तरीही जुन्या रीतीचा एक भाग शिल्लक आहे. एप्रिल 2019 मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' भारतात इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत आला, मराठीत आला नाही; त्यामुळे रावेर-यावल पट्ट्यातल्या लेवा गणबोलीत किंवा धुळ्याकडच्या अहिराणीत त्याची कथा आजही एक मित्र दुसऱ्याला सांगतो तेव्हाच उपलब्ध होते.