ज्ञानाचें भांडवल: धुळें आणि अंमळनेर

कापडाच्या गिरणीचा ताळेबंद मांडणें अवघड नाहीं. चात्या, माल आणि शिल्लक मोजली कीं झालें. विद्येसाठीं निघालेल्या संस्थेचें भांडवल मात्र कोणत्या मापानें मोजावें? १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झालेल्या खानदेशांत ह्या प्रश्नाचीं दोन निराळीं उत्तरें सांपडतात.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले. दप्तरांच्या शोधांत गांवोगांव हिंडण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचे २२ खंड निघाले. परंतु कागद हें भांडवल निम्मेंच. कोणतें पत्र अस्सल, कोणतें बनावट, नुसत्या तिथीवरून सन कसा काढावा, मोडीच्या वळणावरून काळ कसा ओळखावा, हें ज्ञान रुमालांत बांधून ठेवतां येत नाहीं. मालक गेला तरी गिरणीच्या चात्या फिरतात. संशोधक गेला कीं पत्रें मुकीं होण्याचें भय असतें. धुळेकरांनीं दिरंगाई केली नाहीं. १९२७ च्या जानेवारींतच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. भास्कर वामन भट ह्यांनीं त्याचा भार वाहिला. पुढें 'संशोधक' हें नियतकालिक निघालें. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ सालीं, म्हणजे कर्ता गेल्यावर दहा वर्षांनीं, छापून बाहेर पडला. मंडळाचें कर्तृत्व मोजावयाचें तें येथें. किती रुमाल आले ह्यापेक्षां किती रुमाल सुटून छापखान्यापर्यंत पोंचले ह्यावर.

अंमळनेरास जुने कागद नव्हतेच. गिरणीमालक प्रतापशेठ ह्यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें, त्याचें भांडवल म्हणजे माणसें. १९३३ ते १९३५ ह्या काळांत कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ त्याचा प्रमुख होता. मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ति ह्या तिघांनीं मिळून १९३३ सालीं ग्रंथ सिद्ध केला, त्याचें नांव 'अज्ञान'! ज्ञानाच्या संस्थेनें असें नांव निवडावें ह्यांत वेदांत्याला नवल वाटणार नाहीं, हिशेबनिसाला मात्र वाटेल.

अशा भांडवलास पाय असतात. मूर्ति पुढें काशीस गेले. बौद्धांच्या माध्यमिक दर्शनावरील त्यांचा विख्यात ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां अंमळनेर सुटून त्यांस पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं. तो ग्रंथ काशीच्या जमेस धरावा कीं अंमळनेरच्या, हें कोणत्याहि खतावणींत लिहिलेलें नाहीं.