धुरावर फिरणारे चाक आणि त्याचे तेल

मंडळी, बैलगाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी नक्कीच पाहिले असेल. त्यात एरंडेलात मुरवलेल्या चिंध्या असत. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरे, आसाला वंगण लावी आणि पुढे निघे. वंगण जितके दाट तितके चांगले, कारण ते लवकर गळून जात नाही, असा त्याचा अनुभव. हा अनुभव खोटा नव्हता. मात्र आज ज्या चाकाची हकीकत सांगायची आहे, त्याच्या बाबतीत तो घात करतो.

हे चाक मुठीत मावेल एवढे असते, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्याचे नाव टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा. त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त भरली की इंधनही जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक ताकद मिळते. वाया जाणाऱ्या धुराकडून पाणी भरून घेण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला सुचली. तिचे पेटंट त्यांना १९०५ साली मिळाले, पण १९२५ साल उजाडेपर्यंत यंत्र मनासारखे चालले नाही. चालले तेव्हा मोठ्या डिझेल इंजिनाची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढली. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या डोंगरावर चौदा हजार फूट उंचीवर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेतही इंजिन दमले नाही.

त्या काळी इंजिनाचे तेल म्हणजे काय होते? ऐकून नवल वाटेल, पण पहिल्या महायुद्धातील कित्येक विमाने एरंडेलावरच उडत होती. १९०९ साली निघालेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या तेलाचे नावसुद्धा एरंडाच्या इंग्रजी नावावरून पडले. एरंडेलाचा चिकटपणा उत्तम, पण उष्णतेने त्याचा राळेसारखा थर जमतो. वंगण स्वतःच जळून यंत्राला अडवू लागते, हा दोष तेव्हापासून माहीत होता. पुढे टर्बोवाल्या मोटारींत तोच दोष नव्या रूपात उभा राहिला.

मोटारगाडीत टर्बो पहिल्यांदा विकायला आला तो १९६२ साली, अमेरिकेत: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांत. जेटफायरला पेट्रोलखेरीज पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत. शेवटी कितीतरी गाड्यांचा टर्बोच उतरवून ठेवावा लागला. माणूस कसा वागतो याचा विचार न करता केलेले यंत्र टिकत नाही, हे इथे दिसले.

खरी घरगुती टर्बो गाडी आणली स्वीडनच्या साब कंपनीने. ‘साब ९९ टर्बो’ १९७७ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दाखवली गेली. दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती! टर्बो मुद्दाम लहान ठेवला होता, म्हणजे तो रोजच्या वेगालाही कामाला लागे. जास्तीचा धूर बाजूच्या झडपेतून निघून जाई. गाडी लोकांना आवडली, आणि लोकांनी ती साध्या गाडीसारखीच वापरली. हमरस्त्यावर भरधाव आले, घरापुढे थांबले, किल्ली फिरवून आत गेले.

घोटाळा होतो तो किल्ली फिरवल्यानंतर. पेट्रोल गाडीत धुराकडचा पंखा लालबुंद तापलेला असतो. इंजिन चालू असेपर्यंत तेल दांड्याभोवती वाहत राहते आणि उष्णता घेऊन जाते. त्या पहिल्या टर्बोंना पाण्याचा गारवा नव्हता. वंगणही तेलच आणि गारवाही तेलच. किल्ली बंद झाली की तेलाचा पंप थांबतो, पण लोखंड काही लगेच निवत नाही. उष्णता दांड्यावरून सरकत बेअरिंगपाशी येते आणि तिथे अडकलेले थोडेसे तेल जळते. चुलीवर विसरलेल्या कढईला कसे काळे कीट धरते, ते घरातल्या बायकांना विचारा. तसेच कीट तेलाच्या बारीक वाटेत साचते. आज थोडे, उद्या थोडे. मग एके दिवशी तेल पोहोचत नाही, दांडा झिजतो आणि मागून निळा धूर येऊ लागतो.

यावर तीन बाजूंनी उपाय झाले. चालकाला सांगितले, गाडी थांबवल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवा. १९८० नंतरच्या दशकात बेअरिंगच्या घराभोवती पाणी खेळवले. इंजिन बंद झाल्यावरही तापलेले पाणी वर चढते आणि गार पाणी खाली येते, तेवढ्याने निभावते. तिसरा उपाय तेलाचाच. जेट विमानांच्या इंजिनांसाठी रसायनशाळेत बनवलेली कृत्रिम तेले आधीपासून होती. अमेरिकेत मोटारींसाठी ती १९७२ पासून बाजारात येऊ लागली. खनिज तेलापेक्षा ही तेले उष्णतेला जास्त तोंड देतात आणि कीट कमी धरतात.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. गुरुजींना वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन उंच बाटल्या घ्या, एकीत एरंडेल आणि दुसरीत शेंगदाण्याचे तेल भरा, आणि दोन्हींत एकेक गोटी सोडा. एरंडेलातली गोटी रेंगाळेल. मग त्याच बाटल्या कोमट पाण्यात ठेवून पुन्हा करून पाहा. एरंडेलातली गोटी पहिल्यापेक्षा किती लवकर बुडाशी जाते, हे मुलांनाच मोजू द्या. तेल थंडीत दाट आणि उष्णतेत पातळ होते. ‘१५ डब्ल्यू-४०’ मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअसला दाटपणा किती उरतो त्याचा.

जुन्या टर्बोला दोन्ही आकडे सांभाळावे लागतात. सकाळी इंजिन सुरू होताच तेल टर्बोपर्यंत धावत गेले पाहिजे. फार दाट तेल उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ दांडा कोरडा फिरतो. ‘गाडी जुनी झाली, घाला आता दाट तेल’ हा सल्ला सरसकट मानू नये तो याच कारणाने. उलट, पेट्रोल वाचवण्यासाठी निघालेले आजचे फार पातळ, ०डब्ल्यू-२० सारखे तेलही त्या यंत्राला नको. ते तापल्यावर जो पातळ पडदा देते, तो हिशेबात धरून जुने बेअरिंग बनवलेले नव्हते.

आणखी एक खाच आहे. जुन्या इंजिनांची झीज वाचवायला तेलात जस्त आणि फॉस्फरस यांचे मिश्रण घालत. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारे उपकरण बाद होते, म्हणून २००४ सालच्या ‘एसएम’ या पेट्रोल वर्गापासून पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला गेला. १० डब्ल्यू-४० सारख्या दाट तेलांना ही मर्यादा लावलेली नाही. म्हणून जुन्या पेट्रोल टर्बोचा मालक गाडीच्या पुस्तकात बसत असेल तर चांगले कृत्रिम १० डब्ल्यू-४० किंवा ५ डब्ल्यू-४० घेतो, ते योग्यच करतो.

आपल्या गावांत जुनी टर्बो गाडी म्हणजे बहुधा डिझेलची. १९९८ साली आलेली टाटा सफारी, २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून निघालेली महिंद्रा स्कॉर्पिओ. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री-अपरात्री माणूस न्यायचा तर कित्येक वाड्यांना अशाच एखाद्या गाडीचा आधार असतो. डिझेलची काजळी तेलात उतरते. ती गोळा होऊ न देता तरंगत ठेवणे हे तेलाचे काम, आणि ते किती साधते हे डब्यावरचा वर्ग सांगतो. ‘सीएच-४’ हा वर्ग १९९८ चा, ‘सीआय-४’ २००२ चा. सीआय-४ हे तेल आधीच्या सीएफ-४ आणि सीएच-४ यांच्या जागी चालते. २०१६ साली आलेले ‘एफए-४’ मात्र ठरावीक नव्या इंजिनांसाठीच पातळ ठेवलेले आहे. जुन्या गाडीत ते घालू नये. आपल्या हवेत १५ डब्ल्यू-४० चा डबा बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांना मानवतो, तरी अखेरचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

वर्षानुवर्षे तेलाकडे न पाहिलेल्या इंजिनात एकदम भारी तेल ओतले तर जुना गाळ सुटून जाळीत अडकेल, अशी भीती मेकॅनिक मंडळी बोलून दाखवतात. ती अगदीच निराधार नाही. अशा वेळी पहिले एक-दोन बदल लवकर करावे, आणि दर वेळी फिल्टरही बदलावा.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या गाडीचा टर्बो गेला. नवा बसवला, महाग तेल घातले, आणि चार महिन्यांत तोही गेला. दोष तेलावर आला, दुकानदाराशी भांडण झाले. तिसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्या कारागिराने टर्बोला तेल नेणारी जुनी नळी काढून करवतीने उभी चिरली. आत कोळशासारखे काळे कीट होते, आणि मधून सुई जाईल एवढीच वाट उरली होती.