समुद्र कोणी हटवला?

दिवाळी आठ दिवसांवर आली, की अँटॉप हिलच्या आमच्या वसाहतीत एक बांधकाम खाते उघडते. या खात्याचा मुख्य इंजिनियर दहा वर्षांचा असतो, मुकादम आठ वर्षांचा आणि बिगारी सहाच्या आतबाहेर. मागल्या आवारातली माती, फुटक्या विटा आणि जुनी गोणपाटे एवढ्या सामग्रीवर चार दिवसांत गड उभा राहतो, हळिवाचे हिरवे रान माजते आणि महाराज सिंहासनावर विराजमान होतात.

यंदा या खात्यात यंत्रयुग अवतरले. माझ्या नातवाने वाढदिवसाला मिळालेला पिवळा जेसीबी कामावर आणला. तासाभरात त्याने चहाच्या दोन चमच्यांइतकी माती उचलली. मग मंडळींनी यंत्र बाजूला ठेवले आणि आमच्या सौभाग्यवतींची कणीक भिजवण्याची परात पळवून नेली. गड त्या परातीने उभा राहिला, हे प्रथमच सांगून ठेवतो. कारण पुढच्या साऱ्या इतिहासाचे सार त्या परातीत आहे.

त्याच सुमारास विलायतेत राहणाऱ्या माझ्या पुतणीचा फोन आला. तिकडे केंट परगण्यात २००० साली ‘डिगरलँड’ नावाची एक बाग निघाली. तिथे पाळणे आणि घसरगुंड्या यांच्या जोडीला खरीखुरी खोदाईची यंत्रे असतात आणि मुलांना ती चालवायला मिळतात. पुतणीची मुले तिथे जाऊन आली होती. झाले! “आजोबा, आपणही जाऊ या,” असा धोशा सुरू झाला. सूनबाईंनी विमानभाड्याचा हिशेब मांडला आणि मुलाने तो वाचून पेपर तोंडासमोर धरला.

मी म्हणालो, “भाऊबीज उरकली, की दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला यंत्रांची जत्रा दाखवतो, आणि तीही लोकलच्या तिकिटात.”

बोलून तर बसलो. मग रात्री कागद-पेन्सिल घेऊन बेत आखू लागलो. वाचकहो, तो बेत तुमच्यापुढे ठेवतो. मुंबईकर असाल तर तुम्हालाही एखाद्या रविवारी उपयोगी पडेल.

सकाळी लवकर वडाळ्याला हार्बरची गाडी धरायची आणि पहिल्याच स्थानकावर, शिवडीला, उतरायचे. रुळांच्या पूर्वेला जी गोदामांची आणि वखारींची सपाट जमीन दिसते, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरतीचे पाणी खेळत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीचा किनारा भरायला घेतला आणि १९१२ च्या सुमारास पाचशेहून अधिक एकर नवी जमीन वर आली. पुढचे कॉटन ग्रीन याच भरावावरचे. १९१५ साली बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावू लागली, तीही या नव्या भूमीवरून. शिवडीच्या धक्क्यावरून आज समुद्रात लांबवर गेलेला अटल सेतू दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. लांबी सुमारे २२ किलोमीटर. रोहित पक्षी यायला दिवाळीनंतर थोडा अवकाश असतो. पण मुलांना पक्ष्यांपेक्षा पूल अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे.

तिथून नायगावला बी.डी.डी. चाळींकडे. मुले विचारतील, “चाळीत कसले यंत्र?” त्यांना सांगायचे, की या चाळी एका फार मोठ्या यंत्राच्या धाकट्या बहिणी आहेत. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारने मुंबईच्या विकासासाठी ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उठवल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि त्यात एक अख्खे कुटुंब! गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या तिथे वाढल्या. आता त्या पाडून नव्या इमारती होत आहेत; २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाडकाम करणारी पिवळी यंत्रे कुठे दिसलीच, तर नातू तिथून हलणार नाही. म्हणून या ठिकाणी अर्धा तास जास्त धरला आहे.

मग दादरला येऊन चर्चगेटची गाडी. वाटेत महालक्ष्मी स्थानक लागते, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकायची. अठराव्या शतकात विल्यम हॉर्नबी हा मुंबईचा गव्हर्नर असताना वरळीच्या खाडीला बांध घालण्याचे काम निघाले. घातलेला बांध समुद्र पुन्हा पुन्हा गिळी. तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला दृष्टांत झाला, की देवीची मूर्ती पाण्यात आहे, ती आधी बाहेर काढ. मूर्ती निघाली, बांध टिकला आणि देवीचे देऊळ उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. बांधाला गव्हर्नरचे नाव मिळाले, गोष्टीत रामजी शिवजी राहिले. बांधासाठी दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आख्यायिकेतसुद्धा नाही.

चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंट. इथे जत्रेतले सर्वांत मोठे यंत्र आहे, म्हणजे होते. लॉइडसाहेबांच्या खात्याने बॅक बेचा समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढण्याचा घाट घातला. कांदिवलीच्या खाणीतला दगड आगगाडीने आणून समुद्रात भिंत घालायची आणि बंदरातला गाळ उपसून नळांवाटे भिंतीच्या आत ओतायचा, अशी योजना होती. गाळ उपसायला विलायतेहून एक प्रचंड ड्रेजर आला. त्याचे नाव काय? ‘सर जॉर्ज लॉइड’! यंत्र मोठे होते, पण त्याच्या कामाचे अंदाज त्याहून मोठे होते. गाळ ठरल्या वेगाने येईना, आला तो भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला आणि खर्च फुगत चालला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांत या कारभारावर तोफ डागली. खात्याच्या हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. नरिमन निर्दोष सुटले. योजना अर्ध्यावर आटोपती घ्यावी लागली आणि हाती आली साडेचारशे एकरांच्या आतबाहेर जमीन. लोक तिला ‘लॉइडसाहेबांचा वेडेपणा’ म्हणू लागले.

गंमत पाहा. ज्या ड्रेजरला साहेबाचे नाव होते, तो केव्हाच गेला. आणि ज्याने त्या कामाची लक्तरे वेशीवर टांगली, त्या नरिमनांचे नाव पुढे त्याच समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीला मिळाले.

तिथून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेने चालत गिरगाव चौपाटी. सूनबाईंच्या मते मुले दमतील; माझ्या मते भेळेचा वास लागला की दमणार नाहीत. चौपाटीजवळ सागरी किनारा मार्गाचा बोगदा सुरू होतो. तो प्रियदर्शिनी पार्कपर्यंत मलबार हिलच्या पोटातून जातो. तो खणणाऱ्या यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता, म्हणजे चार मजली घराइतका. जानेवारी २०२१ मध्ये ते कामाला लागले आणि वर्षभराने पहिला बोगदा आरपार झाला. त्या यंत्राचे नाव ‘मावळा’. हे ऐकून आमचा किल्लेदार नातू नक्की उडी मारील. भुयारी मेट्रोसाठी जमिनीखाली सतरा यंत्रे उतरली, त्यांना तर वैतरणा, सूर्या, गोदावरी, वैनगंगा अशी आपल्या नद्यांची नावे दिली होती.

असा बेत आखून मी कागद खाली ठेवला आणि नातवंडांना वाचून दाखवला. नातू खूश झाला. त्याने लगेच विचारले, “आजोबा, आणि जेसीबी कोणत्या नदीचे नाव?”

मी म्हणालो, “अरे, ते माणसाचे नाव. जोसेफ सिरिल बॅम्फर्ड नावाच्या इंग्रजाने १९४५ साली एका भाड्याच्या गॅरेजात लढाईतल्या मोडीतून एक ट्रेलर बनवला आणि पंचेचाळीस पौंडांना विकला. तिथून धंदा वाढला. आपल्याकडे १९७९ पासून ती यंत्रे बनतात. त्याच्या नावाची तीन अक्षरे तेवढी आपण घेतली.”

सहा वर्षांची नात इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “यंत्रांना नावे आहेत, साहेबांना आहेत. मग घमेलेवाल्यांची नावे काय?”

मी चष्मा काढून पुसला. प्रश्न अगदी साधा होता. उत्तर म्हणून मी तिला बोरघाटाची हकीगत सांगितली. कल्याणच्या पुढे घाट चढून पुण्याकडे रेल्वे न्यायची होती. १८५६ ला काम सुरू झाले, १८६३ च्या एप्रिलात गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे, पहारी, कुदळी आणि सुरुंगाची दारू यांवर सारी भिस्त. ऐन भरात त्या घाटात बेचाळीस हजार माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी माणसे पटापट मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. त्या बाईचे नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवे. पण बेचाळीस हजारांपैकी मला एकही नाव सांगता येत नव्हते. फार तर जातीची आणि वस्तीची नावे उरली: दगड फोडणारे वडार, आणि ज्यांच्यावरून कामाठीपुरा म्हणतात ते कामाठी.

नातीने विचारले, “आणि आपल्या समोरच्या बांधकामावर रोज एक बाई घमेले वाहते, तिचे नाव?”

समोरची जुनी इमारत पाडून नवी चालली आहे. दोन वर्षे मी सकाळचा चहा त्या खिडकीत घेतो. यंत्र केव्हा आले, कितव्या मजल्याचा स्लॅब केव्हा पडला, हे मला तारखेनिशी सांगता येते. ती बाईही रोज दिसते. तिचे मूल वाळूच्या ढिगावर खेळते, तेही दिसते. नाव विचारावे असे मला दोन वर्षांत एकदाही सुचले नव्हते. बॅम्फर्डच्या ट्रेलरची किंमत मात्र पाठ होती!

दुसऱ्या दिवशी नात माझे बोट धरून खाली गेली. फाटकाशी त्या बाई पाणी पीत होत्या. नातीने सरळ विचारले, “काकू, तुमचे नाव काय?” त्या आधी दचकल्या, काही चुकले की काय, असे वाटले असावे. मग पदर सावरून हसल्या आणि त्यांनी नाव सांगितले. साधे, तीन अक्षरी नाव. ते इथे छापायला मी त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून लिहीत नाही. घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा त्यांनी फराळाच्या डब्यांत एक डबा वाढवला. म्हणाल्या, “अहो, हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.”

संध्याकाळी किल्ल्यावर लगबग होती. बाजारातून आणलेल्या चित्रांत एक मातीची गवळण होती. नातीने तिच्या डोक्यावरची घागर काढली आणि तिथे बाटलीचे पत्र्याचे बूच डिंकाने चिकटवले. झाले घमेले! कागदाच्या कपट्यावर ते तीन अक्षरी नाव लिहून तिने गवळणीच्या पायाशी ठेवले आणि तिला बुरुजावर, मावळ्यांच्या रांगेत, उभे केले. नातू जरा कुरकुरला, “महाराजांच्या गडावर ही कशाला?”

“मग गड बांधला कोणी?” तिने विचारले. तो गप्प झाला आणि आपला पिवळा जेसीबी त्याने तिच्या शेजारी नेऊन ठेवला.

बेताच्या कागदावर मी शेवटी एक ओळ वाढवली आहे: जिथे यंत्र पाहू, तिथे त्याच्याभोवतीच्या एका तरी माणसाचे नाव विचारायचे. तिकीट काही वाढत नाही. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघतो आहोत. वही नातीकडे दिली आहे.