हेलिकोबॅक्टर पायलोरीवरील उपचार आणि चयापचय

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या श्लेष्मल अस्तरात वाढणारा सर्पिलाकार जिवाणू आहे. त्याच्या दीर्घकालीन संसर्गामुळे जठरदाह, पेप्टिक व्रण व जठराचा कर्करोग होऊ शकतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. या शोधासाठी त्यांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग बहुधा बालपणी, घरातील निकट संपर्कातून होतो.

चयापचयाशी संबंध

दीर्घकालीन दाहामुळे इन्सुलिनरोध वाढतो, असे काही निरीक्षणात्मक अभ्यासांत सुचवले आहे. जिवाणूच्या निर्मूलनानंतर रक्तातील साखर व मेद यांत सुधारणा झाल्याचे काही अभ्यास सांगतात, तर काहींत फरक आढळत नाही. अपचन थांबून भूक सुधारल्याने काही रुग्णांचे वजन वाढते. त्यामुळे केवळ मधुमेहावरील उपाय म्हणून हे उपचार केले जात नाहीत.

जीवनसत्त्व बी१२

जठरदाहामुळे आम्ल व आंतरिक घटक कमी स्रवतात आणि बी१२ चे शोषण घटते. अन्य कारण न सापडलेल्या बी१२ किंवा लोहाच्या कमतरतेत या जिवाणूची तपासणी सुचवली जाते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींमध्येही बी१२ घटू शकते.

पुणे जिल्हा

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषण अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी१२ कमी आढळले. बी१२ कमी व फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक होता. भोर व वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांतील भात, नाचणी व वरई या पिकांत बी१२ नसते; ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. त्यामुळे अशा आहारात कमतरतेचे कारण आहार की संसर्ग, हे तपासणीनेच ठरते.

निदान व उपचार

श्वास चाचणी, विष्ठेतील प्रतिजन चाचणी किंवा दुर्बिणीद्वारे घेतलेल्या ऊतींच्या तपासणीने निदान होते. आम्लरोधक औषध व दोन किंवा अधिक प्रतिजैविके सहसा १४ दिवस दिली जातात. औषधे अर्धवट सोडल्यास जिवाणू प्रतिरोधक होण्याचा धोका असतो. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया औषधांचा परिणाम वाढून साखर धोकादायकरीत्या घटू शकते. काही स्टॅटिन औषधेही तिच्यासोबत वर्ज्य आहेत. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून निर्मूलनाची खात्री केली जाते.