इंद्रायणीत काय बुडवले?

भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळ माझी पस्तीस वर्षे गेली. दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात कापडाचे तागे मोजायचे आणि रात्री टाळकऱ्यांच्या संगतीत कीर्तनाला उभे राहायचे, असा क्रम होता. कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत हा आमच्या गुरूंचा दंडक, म्हणून पोट तागे मोजण्यावर. आता गळा साथ देत नाही, तेव्हा लेखणी धरली आहे. एका जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे, ते आज देतो.

१९९३ सालची गोष्ट. नाक्यावरच्या सप्ताहात मी तुकोबारायांचे चरित्र लावले होते. दुष्काळ आला, दिवाळे निघाले, आणि पुढे महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, तिथपर्यंत आलो तेव्हा मंडपात सामसूम झाली. कीर्तन आटोपल्यावर एक माग चालवणारा कामगार पाया पडला आणि हळूच म्हणाला, "बुवा, मीपण सावकाराचं देणं सोडून देऊ का? महाराजांनी कागद बुडवलेच की." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "पांडुरंग सोडवील." दोन महिन्यांनी त्याच्या खोलीला कुलूप दिसले. बायकोमुलांना घेऊन तो रातोरात निघून गेला, असे शेजारी म्हणाले. कुठे गेला ते आजतागायत कळले नाही.

मी नीट उत्तर का दिले नाही? कारण मीही कर्जात होतो, आणि ते झाकून कीर्तन करत होतो. १९९१ साली थोरल्या मुलीच्या लग्नासाठी ४०,००० रुपये काढले होते, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. महिन्याला ८०० रुपये व्याज भरायचो आणि कर्ज फेडतो आहे असे समजायचो. ते कुलूप पाहून त्या रात्री पोथी पुन्हा उघडली.

तुकोबारायांच्या घरी वाडवडिलांपासून वाणीपणा आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात सारे बुडाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे महाराज विरक्त झाले तेव्हा घरातले जे कागद निघाले, ते लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे होते. महिपतीबुवा सांगतात की महाराजांनी त्यांचे दोन वाटे केले. एक धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत सोडला. माउली, इथे थांबून विचार करा. महाराजांनी बुडवले ते आपले येणे. लोकांचे देणे बुडवले नाही, आणि भावाच्या वाट्यालाही हात लावला नाही. ऋणको सुटावेत म्हणून धनकोने केलेला तो त्याग होता. ऋणकोने देणे टाळावे, असा त्याचा अर्थ लावणे हा महाराजांवर अन्याय आहे, आणि तो माझ्या अर्धवट निरूपणाने घडला.

दामाजीपंतांचेही तसेच. मंगळवेढ्याची कोठारे त्यांनी दुष्काळात लुटवली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाकडे भरणा केला. आपण सांगतो, देव भक्ताचे कर्ज फेडतो. पण कथेतला पुढचा भाग घाईत निसटतो. देवाने पुरा भरणा केला आणि रीतसर पावती घेतली. प्रत्यक्ष पांडुरंगाला पावती लागली. आपण मात्र सावकाराच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

माझे मूळ गाव शिरूर तालुक्यातले. तिकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी १८७५ च्या दंग्याची गोष्ट असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते. तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ नंतर भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला, आणि कुणबी अडकला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक उठले आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लक्षात घ्या, माणसे क्वचितच मारली गेली. लोकांचा रोख होता खतांवर. खते हिसकावून त्यांनी जाळली. कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. मुद्दल किती, व्याज किती, भरले किती, हे सावकाराच्या वहीलाच ठाऊक.

कागद जाळून कर्ज गेले नाही. शेकडो लोक पकडले गेले. पण चौकशी बसली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. कर्जापायी तुरुंगवास थांबला. न्यायालयाने नुसते खत न पाहता मुळापासूनचा व्यवहार तपासावा, सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. म्हणजे एवढ्या उठावातून कुणब्याच्या पदरात काय पडले? हिशेब पाहण्याचा हक्क. हा हक्क आपल्या घरात आपण रोज वापरत नाही, ही आपली चूक.

नाथमहाराजांची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेन. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एक पै लागेना, म्हणून नाथ रात्रभर जागले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. मी ती एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून सांगत असे. ती हिशेबाचीही गोष्ट आहे, हे कर्जाने शिकवले. लोकांचे तागे मी मीटर न् मीटर मोजत होतो. घरचा पैसा कधी मोजला नव्हता.

१९९४ च्या पाडव्याला आमच्या सौभाग्यवतींनी मुलाच्या जुन्या वहीतली कोरी पाने शिवून एक वही केली. त्यांनी विचारले, "अहो, तीन वर्षांत आपण भरले तरी किती?" मांडले तेव्हा २८,८०० रुपये निघाले, आणि मुद्दल जिथल्या तिथे. आणखी चौदा महिने तसेच गेले असते, तर व्याजच मुद्दलाएवढे झाले असते. आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो.

महिनाभर फक्त लिहिले, काही कापले नाही. मग दिसू लागले. किराणा उधारीवर घेतल्याने वाणी सांगेल तो भाव. तो रोखीने आणि एकदम घेतला, तेव्हा ३५० रुपये वाचले. नाक्यावर मित्रांना पाजायचा चहा १५० रुपयांचा. रिक्षाऐवजी पायी जाऊन २०० रुपये. आणि सौभाग्यवतींनी शेजारच्या कारखान्यात कांड्या भरून आणलेले ५०० रुपये. झाले १,२००. ते ८०० मध्ये मिळवून दरमहा २,००० रुपये भरू लागलो. मुद्दल उतरले तसे व्याजही उतरले. सव्विसाव्या महिन्यात शेवटचा हप्ता १,५९५ रुपयांचा भरला. त्या सव्वीस महिन्यांत व्याज गेले सुमारे ११,६०० रुपये. आधीच्या तीन वर्षांत गेले त्याच्या निम्म्याहूनही कमी. वारी मोडली नाही, दारी आलेला उपाशी गेला नाही. मोडला तो फक्त माझा मोठेपणा.

खरे तर लग्नासाठी कर्ज काढू नका, हे गाडगेबाबा जन्मभर सांगत आले. मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना त्यांनी स्वतः पाहिली होती. मी त्यांच्या गोष्टी कीर्तनात सांगत असे, आणि मांडव मात्र कर्जाचा घातला.

आज सावकार बदलला आहे. तो मोबाईलमध्ये बसतो, हप्त्याच्या रूपाने येतो. उपाय तोच आहे. एक वही करा. पहिल्या पानावर मुद्दल, व्याज आणि भरलेली रक्कम वेगवेगळी लिहा. प्रत्येक भरण्याची पावती घ्या. खासगी सावकार असेल तर परवाना विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. आणि घरातल्या माणसापासून कर्ज लपवू नका. माझी तीन वर्षे त्या लपवण्यातच गेली.

कुलूप लावून गेलेल्या त्या भाविकाला हे त्या रात्रीच सांगायला हवे होते. बाबा, महाराजांनी आपले येणे सोडले, देणे नाही. चल, तुझ्या खोलीवर बसू आणि किती भरले ते आधी मांडू. वही माझ्या झोळीत आहे.

॥ रामकृष्णहरि ॥